नऊ गाण्यांची दुरुस्ती

अमेरिकन गाण्यांकडे मी वळले ती शहापूरची एसटी चुकली म्हणून. पुढची गाडी पावणेदोन तासांनी होती. मुरबाडच्या स्टँडवर वेळापत्रकाशेजारी हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता : जुन्या अमेरिकन गाण्यांची ओळख, दर रविवारी सकाळी दहा, हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, शुल्क नाही, चहा मिळेल. दहाला पाच मिनिटं कमी होती. मला उन्हात उभं राहायचं नव्हतं आणि चहा हवा होता. एवढीच कारणं. पुढे कोणी विचारलं की मी यापेक्षा भारदस्त काहीतरी सांगत असे, ते खरं नव्हे.

मी सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. आलेला माल, गेलेला माल, बॅच नंबर, मुदत संपायची तारीख. पंचवीस वर्षं हेच काम केल्यावर घरीही तसंच वागायची सवय लागते. माझ्या फ्रिजवर यादी असते, गॅसच्या शेगडीमागे यादी असते, पर्समध्ये तर असतेच. माणूस विसरतो, कागद विसरत नाही, असं मी नव्या फार्मासिस्ट मुलींना सांगते.

त्या खोलीत सात माणसं होती आणि एक कीबोर्ड. कीबोर्डमागे टोकावड्याचे सर. सर म्हणायचं ते शिकवत होते म्हणून. नोकरीने ते शिक्षक नव्हते. मुंबईत वाद्यांच्या एका दुकानात त्यांनी पस्तीस वर्षं पियानोच्या तारा लावल्या होत्या. जुने पियानो दुकानात यायचे तेव्हा त्यांच्या बाकांच्या पोटात छापील गाण्यांचे कागद सापडायचे, आणि ते रद्दीत जायच्या आधी सर ते घरी न्यायचे. दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या पियानोवाल्याने त्यांना ते कागद वाचायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर सर गावी परतले ते एक ट्रंकभर कागद घेऊन.

त्या पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलेलं मला अजून तोंडपाठ आहे. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये गाणी बनवायचा धंदा होता. कोंदट खोल्यांमधून दिवसभर पियानो वाजायचे. एक जण चाल बांधायचा, दुसरा शब्द लिहायचा, आणि दोघं मिळून ते गाणं नाटकवाल्याला नाहीतर प्रकाशकाला ऐकवायचे. त्यातली कितीतरी माणसं बोटीने आलेल्या गरीब कुटुंबांतली होती. नाटकं पडली, विसरली गेली, गाणी मात्र उरली आणि पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी म्हटली. पुढे विजेच्या गिटारी आल्या, गाणारेच आपापली गाणी लिहू लागले आणि तो काळ ओसरला.

मग सरांनी एक गाणं वाजवलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. "आठ मात्रांचे नाहीत हं, आठ मापांचे, म्हणजे आठ आवर्तनांचे, चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकच. तिसरा निराळा. त्याला ते पूल म्हणतात. पूल ओलांडून परत त्याच घरी यायचं, पण येताना घर निराळं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर गाणं फसलं."

ते मला फार आवडलं. इतकी हळवी गोष्ट आणि तिला इतकं नीट माप.

मला त्याहून आवडलं ते छापील कागदाचं पहिलं पान. त्यावर दोन्ही नावं असत. शब्द अमक्याचे, चाल तमक्याची. तीन मिनिटांच्या गाण्याचंसुद्धा कोणी काय केलं ते लिहून ठेवलेलं. आमच्या घरांत लग्नाला आठ-आठ तास गाणी चालतात आणि एकाचाही कर्ता कोणाला ठाऊक नसतो. मी पुढच्या रविवारी वही घेऊन गेले. पाच रकाने आखले : गाणं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणत्या नाटकासाठी, पूल कसा आहे. सहावा रकाना शेरा. सर वही बघून हसले आणि म्हणाले, "मॅडम, इतकी काळजी त्या प्रकाशकांनीही घेतली नव्हती."

त्यानंतर सात वर्षं मी रविवार सोडला नाही. शहापूरहून सकाळची गाडी, सापगाव, किन्हवली, सरळगाव करत मुरबाड, आणि दुपारी परत. वर्गात माणसं आली-गेली. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि मी एवढे दोघंच पहिल्यापासून शेवटपर्यंत. काकांना गाण्यातलं काही कळत नसे, पण ते चहा उत्तम करत.

चौथ्या वर्षी सरांनी त्या जोडीचं नाव पहिल्यांदा काढलं. एक जण चपलांच्या दुकानात कारकून, बोटीने आलेला, इंग्रजी अजून कच्चं. तो शब्द लिहायचा. दुसरा मूकपटाच्या थिएटरात पियानो वाजवायचा. दोघांची मिळून नऊ गाणी, एकही गाजलं नाही. छापील कागद उरलेले नाहीत. दुकानातल्या त्या म्हाताऱ्या पियानोवाल्याला ती कानावरून येत होती, त्याच्याकडून सरांनी उचलली. वर्षभरात, जमेल तशी, सरांनी ती नऊ वाजवून दाखवली. मी फोनवर रेकॉर्ड केली आणि वहीत उतरवली.

खरं सांगते, यशस्वी लोकांच्या गाण्यांपेक्षा मला ही जास्त भावली. बिनचूक काम करून नाव न मिळालेल्या माणसांबद्दल मला आपुलकी वाटते. कारकुनाचं इंग्रजी तुटक होतं, क्रियापदं भलतीकडे पडायची, आणि त्यामुळेच ओळ मनाला लागायची. नऊपैकी चौथं गाणं तर मी स्वयंपाक करताना गुणगुणत असे.

तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने मला भाषणाला बोलावलं तेव्हा मी विषय दिला : हरवलेली जोडी. पंधरा दिवस तयारी केली. चौथ्या गाण्यावरच दहा मिनिटं बोलले. त्याचा पूल अचानक येतो, चाल एकदम दुसऱ्याच उंचीवर जाते आणि तशीच पटकन खाली उतरते. मी म्हटलं, हे बोटीतून उतरलेल्या माणसाचं मागे वळून बघणं आहे. मुलं गप्प बसून ऐकत होती. सर पहिल्या रांगेत होते. संपल्यावर त्यांनी सगळ्यांच्या नंतरपर्यंत टाळ्या वाजवल्या.

एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, "मॅडम, याचे संदर्भ कुठे मिळतील?"

मी म्हटलं, "माझ्या वहीत. एकूण एक नोंद आहे."

ते भाषण त्यांनी वार्षिक अंकात छापलं. खाली माझं नाव, हुद्दा आणि नऊ गाण्यांची यादी. माझ्या नावाने छापलेली ही पहिली गोष्ट. सरांना मी अंक नेऊन दिला. ते म्हणाले, "चौथ्यावर सुंदर लिहिलंय."

गेल्या चैत्रात मी सापगावला चुलत सासूकडे पापड्यांना गेले. काकी आमच्याकडच्या धवलारीण. लग्नात देवाधर्मापासून हळदीपर्यंत गाणी म्हणायचा मान त्यांचा. त्या बसल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. वय सत्तरीपुढे, आवाज अजून पत्र्यावर पाऊस पडावा तसा. तांदळाचं पीठ शिजत होतं, मी पानावर पापड्या घालत होते, आणि प्राध्यापकांनी दुसरं भाषण मागितलं होतं म्हणून फोनवर ते चौथं गाणं लावून ठेवलं होतं.

दुसऱ्या तुकड्यापासून काकी म्हणू लागल्या. शब्दांसकट. नवरीच्या मामाने हळकुंड आणलं, असं काहीतरी. मला वाटलं, चाल सोपी आहे, आपलं काहीतरी बसवतायत. मग पूल आला. तो पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला पकडता येत नाही. मला तीन रविवार लागले होते. काकी न अडखळता वर गेल्या आणि न अडखळता खाली आल्या.

मी फोन बंद केला. "काकी, हे तुम्हाला कसं येतं?"

"येल नाय तं काय? माझाच गाना."

"हे अमेरिकेतलं आहे."

"आसंल," काकी म्हणाल्या. "तिकरं पन पोरी लगीन करीत असतील."

मी गंमत समजून सोडणार होते. पण विचारलं, "मधला तुकडा कुठून शिकलात?"

"शिकतंय कोन गो. मीच लावला. हलद दलताना जात्यावर हात बदलायचा असतो ना, एक बाय उठते, दुसरी बसते. तेवऱ्यात समदी गप झाली तं चांगला दिसत नाय. म्हनून मी तवरा दुसराच कायतरी वर चढून म्हनतंय. दुसरीचा हात खुट्याला लागला का परत खाली."

पुलाचं कारण ते होतं. जात्याच्या खुंट्यावर हात बदलायला लागणारा वेळ. आणि मी छापून आणलं होतं की बोटीतून उतरलेला माणूस मागे वळून बघतोय.

"हे कोणी ऐकलंय तुमच्याकडून?"

"समद्यांनी. आन् तुझा तो मास्तर नाय का, आपल्या पोरीच्या हलदीला तूच आनलेला. चष्म्यावाला. दुपारभर जात्याजवल बसला व्हता. माझ्याकडना तीनदा म्हनवून घेतलान. मी बोलले, मास्तर, बायकांत बसून गाना शिकतोस, तुझी हलद कवा?"

ते खरं होतं. पुतणीच्या हळदीला सरांना मीच बोलावलं होतं. आमचीही गाणी ऐका म्हणून मोठ्या हौसेने नेलं होतं.

घरी येऊन मी वही काढली. पुतणीचं लग्न वैशाखातलं. चौथ्या गाण्याची नोंद त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची. तरीही मी दुसऱ्या शक्यता लिहून काढल्या, कारण तशी सवय आहे. एक : काकींनी ती चाल कुठल्या सिनेमात ऐकली असेल. दोन : योगायोग. तीन : सर. पहिल्या दोन खोडायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्याच आठवड्यात रजा टाकून मी टोकावड्याला गेले. सर ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. समोरच्या रस्त्यावरून माळशेजकडे गाड्या चालल्या होत्या. मी त्यांच्या घरी यापूर्वी कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांना काय ते कळलंच असणार.

मी विचारलं, "सर, चौथं गाणं कोणाचं?"

"वहीत आहे ना तुमच्या."

"वहीत तुम्ही सांगितलेलं आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमच्या काकींचं," ते म्हणाले. "थोडं संथ केलं. खालचे स्वर भरले. बाकी त्यांचं."

"उरलेली आठ?"

"माझी."

"शब्दसुद्धा?"

"शब्दसुद्धा. माझं इंग्रजी दुकानातलं. म्हणून तो कारकून बोटीतून आणावा लागला. नवा माणूस म्हटल्यावर चुका खपतात."

त्या चुकांवर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. काव्य म्हणून.

मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. मी मुलांसमोर बोलत होते आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिथे नाही तर नंतर सांगायचं. अंक छापायला जायच्या आधी दोन महिने होते."

"रोज ठरवत होतो."

"मग?"

"माझ्या गाण्यांबद्दल इतकं चांगलं कोणीच कधी बोललं नव्हतं, मॅडम." मग म्हणाले, "पहिल्या वर्षी एक चाल माझी म्हणून वाजवली होती मी. तुम्ही खिडकी लावायला उठलात. काकांनी विचारलं, अमेरिकन कधी सुरू करताय."

मला आठवत नव्हतं. रात्री वहीत शोधलं तर सापडलं : सरांची स्वतःची चाल. शेरा, ठीक, लांबली. माझंच अक्षर. तेवढी चूक माझी, मी ती मान्य करते. पण एखाद्याची चाल लांबली वाटणं हा काही असा गुन्हा नव्हे, की त्याने मला तीन वर्षं फसवावं. आणि काकी तर खिडकी लावायला उठल्या नव्हत्या. त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं होतं.

"आता काय करणार?" सरांनी विचारलं.

"दुरुस्ती छापायला देणार."

"मी गेल्यावर द्या. कितीसे दिवस राहिलेत."

"चुकीचं लेबल लागलेली बाटली दिसली तर ती आम्ही त्याच दिवशी बाजूला काढतो. लेबल लावणाऱ्याच्या मरणाची वाट बघत नाही."

"हे औषध नाही, मॅडम. गाण्याने कोणाला काही होत नाही."

मला जे झालं होतं त्याला दवाखान्याच्या भाषेत शब्द नव्हता. पंचवीस वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये एक गोळी कमी भरली नाही. बदल्या झाल्या, चौकशा झाल्या, साहेब लोकांनी माझ्या वहीवर बोट ठेवून सांगितलं की बाईंनी लिहिलं म्हणजे तसंच. एकुलती एक वही मी नोकरीसाठी नाही तर आनंदासाठी ठेवली, आणि खोटी निघाली ती नेमकी तीच. आणि खोटी मी केली नव्हती. ज्या माणसाने मला पहिल्या पानावरची दोन नावं वाचायला शिकवली, त्याने मला खोटी नावं लिहून दिली होती.

पुढचा महिनाभर मी संध्याकाळी वहीतली बाकीची गाणी तपासली. इंटरनेटवर, एकेक करून : शब्द, चाल, नाटक. सगळी बरोबर निघाली. एके ठिकाणी मला नेटवरच चूक वाटली, पुन्हा शोधलं तर सर बरोबर होते. दूरच्या, मेलेल्या, श्रीमंत माणसांचं एकही श्रेय त्यांनी इकडचं तिकडे केलं नव्हतं. हे कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरोबरच्या बारीक खुणा करत मी गाणी नुसती तपासत गेले. एकही ऐकलं नाही.

काकींना सांगायला सापगावला गेले. मला वाटलं होतं त्या हसण्यावारी नेतील, गाणं काय कोणाचं असतं म्हणतील. तसं म्हणाल्या असत्या तर मी कदाचित थांबलेही असते.

"छापून आला व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो. दुसऱ्याच्या नावाने."

"मंग आता माझ्या नावानी येल?"

"दुरुस्ती दिली तर येईल."

"दे तं. नाव पुरा घाल. माहेरचा पन घाल. आन् मधला तुकडा माझा हाय ता येगला लिव. गाना आयेचा, तुकडा माझा." मग पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "लिवशील ना, येगला?"

शब्द कोणाचे, चाल कोणाची, पूल कोणाचा. सात वर्षं वर्गात बसून मी जे शिकले ते काकींनी पापड्या उलटता उलटता सांगितलं.

दुरुस्ती एका पानात बसली. भाषणात दिलेली जोडी अस्तित्वात नव्हती. यादीतलं चौथं गाणं सापगावच्या अमुक धवलारणीच्या आईकडून आलेलं, त्यातला पूल त्यांचा स्वतःचा. उरलेली आठ गाणी टोकावड्याच्या अमुक गृहस्थांची, शब्द आणि चाल दोन्ही. चूक माझी, मी न तपासता छापायला दिलं. प्राध्यापकांनी फोनवर दोनदा विचारलं, हे खरंच छापायचं का, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी म्हटलं, पुढच्या अंकात पहिल्या पानांत छापा, शेवटी नको.

मग एक रविवार मी वर्गात गेले. सरांना माझ्यावर उपकार करायचे असते तर ते त्या दिवशी आजारी पडले असते, पण ते कीबोर्डमागे होते. मी उभं राहून दुरुस्ती वाचली. भाषणात वाचलं होतं त्याच आवाजात, त्याच वेगाने. सर खाली बघत ऐकत होते. कॉलेजच्या दोन मुली एकमेकींकडे बघत होत्या. संपल्यावर पोस्टातले काका म्हणाले, "म्हणजे अमेरिकन नव्हती होय ती? मला तीच कळायची." आणि चहा बघायला आत गेले.

सरांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो खिडकीजवळ नेला आणि यादीवर बोट ठेवून वाचला. आठ ओळी, प्रत्येकीपुढे त्यांचं नाव दोनदा : शब्द, चाल. चौथ्या ओळीवर बोट थांबलं, पुढे सरकलं. शेवटपर्यंत जाऊन ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले. वय झालेल्या माणसाचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. मला त्याचा राग आला. शरमेने मान खाली जावी म्हणून मी ते लिहिलं होतं, आणि सर ते छापील गाण्याच्या पहिल्या पानासारखं वाचत होते.

"याची एक प्रत मला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

माझ्या पिशवीत तीन झेरॉक्स होत्या. एक प्राध्यापकांसाठी, एक काकींसाठी, एक जादा.

"नाही," मी म्हटलं. "एकच आहे."

त्यांनी कागदाची होती तशीच नीट घडी घातली आणि तो मला परत दिला. चहा न घेता मी जिना उतरले आणि स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.